डोंगराकडे पूर्व

माझी बायको पुण्यात हमखास वाट चुकते. लक्ष्मी रोड आणि टिळक रोड यांची तिच्या डोक्यात अजून अदलाबदल होते. तीच कोलंबियातल्या बोगोतात, माहेरी गेली की, डोळे मिटूनही दिशा सांगते. सकाळी खिडकी उघडल्यावर त्याचं कारण समोरच दिसतं. शहराच्या पूर्वेला डोंगरांची सलग भिंत आणि वर मोन्सेर्रातेचं पांढरं चर्च. डोंगराकडे तोंड केलं की डावा हात उत्तर. हरवायला जागाच नाही. शहर मुळात 2,600 मीटर उंचीवर, त्यामुळे जिना चढताना जावयाला धाप लागते आणि सासूबाईंना काळजी.

डोंगराला समांतर धावतात त्या कार्रेरा, डोंगराकडून खाली पश्चिमेला उतरतात त्या काये. बहुतेक रस्ते आकड्यांनीच ओळखले जातात. पत्त्यातला शेवटचा आकडा तर कोपऱ्यापासूनचं अंतर, मीटरमध्ये. सासऱ्यांनी आमचा पत्ता विचारला तेव्हा मी म्हणालो, खुन्या मुरलीधराच्या पुढे गेलं की डावीकडचा बोळ. बायकोने जमेल तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "देवळापासून किती मीटर?"

रविवारी त्यांनी मला स्वतःची जुनी सायकल दिली. त्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभरहून जास्त किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात. या प्रथेला सिक्लोव्हिया म्हणतात, 1974 साली सुरू झाली. सातव्या कार्रेरावर म्हाताऱ्या, कुत्री, स्केटवाली पोरं, सगळा गाव लोटलेला. जुन्या शहरात एका ठिकाणी सासऱ्यांनी पायडल न थांबवता नुसता हात केला. इथे 9 एप्रिल 1948 ला गायतान या लोकप्रिय पुढाऱ्याला गोळ्या घातल्या आणि मग शहर जळालं. पर्यटकाला तिथे फलक वाचायला थांबवलं असतं. जावयाला मात्र वेग राखावा लागतो.

जेवायला आहियाको होतं. कोंबडी, कणीस आणि तीन जातींचे बटाटे. त्यातला पिवळा शिजून विरघळतो आणि त्यानेच सूप दाट होतं. वर ग्वास्कासचा पाला. मी आकड्यांच्या पत्त्याचं कौतुक करत होतो, आणि बायको म्हणाली, त्यात दक्षिण धर की. कायेंचे आकडे दक्षिणेकडे पुन्हा एकपासून वाढतात आणि मागे 'सूर' लागतं. दक्षिण म्हणजे बहुतांशी गरिबांचं शहर. शिवाय वस्त्यांना सरकारी श्रेणी आहे, एक ते सहा. वरच्या श्रेणीने वीज-पाण्याचे जास्त पैसे भरायचे, म्हणजे खालच्यांना ते स्वस्त पडतं. कल्पना न्यायाची आहे, मला अजूनही तसंच वाटतं. पण माणसं त्याच आकड्याने माणसं मोजायला लागली. कोण कितव्या श्रेणीतला, हे लग्न ठरवतानाही बघतात म्हणे. कॉलेजात पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदललेला तिला आठवतो.

"पुण्यात बरं आहे," ती ताटलीत बटाटा कुस्करत म्हणाली, "पत्त्यावरून कुणाला काही कळत नाही."

मी पेठांचा विषय काढला नाही.