अवधान ते लक्षवेध

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तेव्हा ज्ञानदेव श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात: अवधान. ते दिलंत तर सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं सांगतात. आणि लगेच, तुम्हा जाणत्यांपुढे हे मोठेपणानं बोलत नाही, जवळिकीनं विनवतो आहे, असंही म्हणतात. 1290 सालच्या या ग्रंथात बोलणारा श्रोत्यापुढे हात जोडून उभा आहे. लक्ष हे श्रोत्याचं धन आहे आणि ते त्यानं आपणहून द्यायचं आहे, हे तिथे गृहीतच आहे.

मराठीत आपण लक्ष देतो, घालतो, ठेवतो. लक्ष वेधलंही जातं. पहिल्या तिन्ही क्रिया आपल्या हातातल्या. चौथीत बाण दुसऱ्याचा असतो. गेल्या दोनशे वर्षांत आपण पहिल्या तिघींकडून चौथीकडे सरकत आलो, असं मला वाटतं.

जुन्या विचारवंतांना मन विचलित होणं ही माणसाच्या आतली गोष्ट वाटे. पतंजलींच्या योगसूत्रांत आजार, संशय, आळस असे नऊ अडथळे सांगून त्यांना चित्ताचे विक्षेप म्हटलं आहे. फ्रान्समध्ये पास्कालनं याच जागी बोट ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर 1670 मध्ये छापलेल्या टिपणांत तो शिकारीचं उदाहरण देतो. दिवसभर सशामागे धावणाऱ्याला तोच ससा आयता दिला तर तो घेणार नाही. त्याला धावणं हवं आहे, कारण थांबला तर स्वतःच्या दुःखाकडे बघावं लागेल. पास्कालचं निदान मला आजही खरं वाटतं. पण ससे सोडण्याचाच धंदा कुणी काढेल, हे त्याच्यासमोर नव्हतं.

तो धंदा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. 1833 मध्ये बेंजामिन डे यानं ‘द सन’ हे दैनिक एका सेंटला विकायला काढलं. इतर वर्तमानपत्रं तेव्हा सहा सेंटला मिळत. खर्च भरून निघायचा तो जाहिरातींतून, म्हणजे जाहिरातदाराला वाचकांची नजर विकून. दोनच वर्षांनी, ऑगस्ट 1835 मध्ये, याच पत्रानं चंद्रावर पंख असलेली माणसं दिसल्याची लेखमाला छापली आणि ती जॉन हर्शेल या नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर खपवली. लोकांनी ती भराभर वाचली. आता वाचकाची विनवणी करायचं कारण उरलं नव्हतं, त्याला गाठलं की काम झालं.

1971 मध्ये हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकानं याचं अर्थशास्त्र मांडलं: माहिती माणसाचं लक्ष खाते, म्हणून माहितीची सुबत्ता आली की लक्षाचा दुष्काळ पडतो. पुढे 1985 मध्ये नील पोस्टमन या माध्यम-अभ्यासकानं टीव्हीच्या बातम्यांकडे पाहून सांगितलं की भूकंपाच्या बातमीमागून लगेच खेळाचा निकाल येतो आणि दोन्हींचं वजन सारखंच होतं.

दुष्काळ हा शब्द आपल्याकडे नुसती उपमा नाही. 2006 मध्ये मुंबईत फॅशन वीक भरला होता आणि विदर्भात कापूस उत्पादक शेतकरी आत्महत्या करत होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा हिशेब मांडला: फॅशन वीकसाठी अधिकृत परवाना घेतलेले पत्रकार 512, विदर्भातल्या आत्महत्यांचं वार्तांकन करायला बाहेरून गेलेले जेमतेम सहा. मंचावर सुती कपडे होते. आठवडाभर मुंबईची नजर कापसावर होती, तो पिकवणाऱ्यावर नव्हती. साईनाथ यांचं जुनं म्हणणं असं की आपली पत्रकारिता घटना टिपते, प्रक्रिया टिपत नाही. आत्महत्या एका दिवसाची बातमी होते. कर्ज, बियाण्याचा खर्च, कोसळलेला भाव हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि त्याकडे तितकीच वर्षं बघत राहावं लागतं. समाजाची ही बघत राहण्याची ताकद विचलनानं आधी जाते. उथळ काही पाहिलं याचं मला फारसं दुःख नाही. माणसाला करमणूक हवीच.

आपल्या विधिमंडळात ‘लक्षवेधी सूचना’ असते. आमदार तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधतो, आणि मंत्र्याला निवेदन करावं लागतं. तिथे वेधलेल्या लक्षाला उत्तराची गाठ मारलेली असते. ती गाठ फोनच्या पडद्यावर नाही. 2006 मध्येच आझा रास्किन या डिझायनरनं न संपणाऱ्या पानाची रचना केली. तिचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला, हे त्यानं जाहीरपणे सांगितलं आहे. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो आणि आता पुरे की अजून, हे ठरवतो. त्या रचनेनं ही थांबण्याची जागाच काढून टाकली.

मागच्या उन्हाळ्यात मी फोनवर मराठवाड्यातल्या एका गावाची बातमी वाचत होतो. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, असं एक बाई सांगत होती. तिचं वाक्य संपायच्या आत माझा अंगठा वर सरकला आणि एका नटाचं लग्न समोर आलं. ते मी पूर्ण पाहिलं. रात्री जेवताना पाण्याचा विषय निघाला, तर मला त्या गावाचं नाव आठवेना. दुसऱ्या दिवशी अर्धा तास शोधल्यावर बातमी सापडली. नाव वहीत उतरवून ठेवलं आहे. खाली तारीख घातली आहे आणि पावसाळ्यानंतर तिथे काय झालं ते लिहायला जागा सोडली आहे.