अपुऱ्या खेळाचे वर्गणीदार

गेम अर्धवट असतानाच विकायला काढायचा आणि आलेल्या पैशांवर, खेळणाऱ्यांच्या तक्रारींवर तो पुरा करत न्यायचा, याला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. स्टीमने 2013 मध्ये आपल्या दुकानात त्यासाठी वेगळा कप्पाच केला. मराठी माणसाला ही रीत नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1916 मध्ये नागपुरात ज्ञानकोशाचं काम मांडलं, ते भागधारक आणि वर्गणीदार यांच्याच भरवशावर. पुढे 23 खंड झाले. मधल्या काळात हाती पडलेला ‘वेदविद्या’ किंवा ‘विज्ञानेतिहास’ मात्र स्वतःपुरता पुरा होता. पुढचं काम बंद पडलं असतं, तरी तो वाचता आलाच असता.

अर्धवट गेमला मी हीच कसोटी लावतो. ‘हेडीज’ तिला उतरला: डिसेंबर 2018 मध्ये आला तेव्हाच खेळण्याजोगा होता, स्वस्तही होता, आणि 2020 मध्ये पुरा होईपर्यंत खेळणाऱ्यांच्या सूचनांनी घडत गेला. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ असाच विकत विकत 2015 मध्ये पूर्ण झाला. त्या पुण्याईवर फेब्रुवारी 2023 मध्ये दुसरा भाग 50 डॉलरना आला. परग्रहांवरच्या वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांचे प्रवास, मित्रांसोबत खेळणं, सगळं ‘पुढे येणार’ होतं. 2024 मध्ये काम थांबलं. लोकांनी पैसे मोजले होते ते वचनाचे. हातातला गेम धड चालतही नव्हता.

आणखी एक खर्च आहे, तो पुण्यामुंबईत बसून दिसत नाही. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला एखाद्या पोराचं नेट मोबाईलच्या पॅकवर चालत असेल, तर त्याला गेमच्या किमतीइतकाच डेटा महाग. पुरा गेम एकदा उतरवला की बहुतेक भागलं. अपुरा गेम दर अपडेटला पुन्हा जीबी मागतो. ‘बाल्डर्स गेट 3’ 2020 ते 2023 अर्ली ॲक्सेसमध्ये होता. खेळायला पहिलाच अंक. पुरा आला तेव्हा जुने सेव्ह चालेनात, आणि जुनी आवृत्ती काढून नव्याने उतरवा, असं खुद्द कंपनीनेच सुचवलं. गेम सव्वाशे जीबीच्या घरातला. रोजच्या दोन जीबीत तो दोन महिने उतरत राहील. शिवाय पहिल्या अंकातली नवलाई तोवर संपलेली, हे वेगळंच. गेम उत्तम निघाला म्हणून हा हिशोब पुसला जात नाही.

स्टीम पैसे परत देतं, पण खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तरच. काम रखडलंय हे कळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून ट्रेलर नंतर. आधी मागच्या अपडेटच्या तारखा आणि त्यांचे आकार बघावेत. दोन्ही पटत असतील आणि आज जेवढा गेम आहे तेवढ्यावर मन रमत असेल, तर खुशाल घ्यावा.