पोकळ आस आणि चाकाचे तादात्म्य

सायकलच्या चाकातील भरीव आस काढून तेथे पोकळ आस बसवावा, त्यातून ५ मिलिमीटर जाडीची सळई ओवावी आणि खटका उलटताच चाक सुटेल अशी तजवीज करावी, एवढ्या फेरफारानंतर चाक तेच राहिले काय, हा प्रश्न, आस म्हणजेच रथ काय असे मिलिंद राजास विचारणाऱ्या बौद्ध भिक्षू नागसेनास खचित रुचला असता. त्याने रथ ही व्यवहारसंज्ञा ठरवून वाद निकाली काढला. कारागिराचे तेवढ्याने भागत नाही, कारण बेअरिंगचे शंकू नव्या आसाच्या आट्यांशी जुळावे लागतात, आणि आसाची टोके चौकटीच्या खाचेबाहेर किंचितही डोकावली तर पकड बसत नाही. इटलीच्या काम्पान्योलोने १९३० च्या सुमारास रूढ केलेल्या या युक्तीत मला तादात्म्याहून वैराग्याचा प्रश्न अधिक दिसतो: क्षणात सुटणाऱ्याने धावताना घट्ट राहावे, ही अट आपल्या कीर्तनकारांच्या हिशेबी सहसा नसते.