सामा बंदराचे पाणी

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २०:१३-१६, २ शमुवेल २३:१३-१७)



प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात लूकाने पौलाच्या जलप्रवासाची जी नोंद ठेविली आहे, ती वाचताना आपली जीभ अडखळते आणि मन पुढे धावते. मितुलेना, खिया, सामा, मिलेत अशी बंदरांमागून बंदरे येतात आणि एकेका शब्दात मागे पडतात. आगगाडीच्या खिडकीतून वडगाव, कामशेत, मळवली ही स्थानके मागे जावीत तसाच हा प्रकार आहे. मंडळीत हा भाग वाचावयाचा आला म्हणजे वाचक बहुधा ही वचने लगबगीने संपवून इफिसच्या वडिलांच्या निरोपाकडे वळतो. त्याला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. त्या निरोपात अश्रू आहेत. येथे नुसती गावांची नावे आहेत. पौलालाही थांबावयास सवड नव्हती. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेस पोहोचावे म्हणून त्याची घाई चालली होती, असे लूकच सांगतो. इसवी सन ५७ च्या सुमाराची ही गोष्ट.

पौलाला होती ती घाई आज आपल्याला नाही. तेव्हा या नावांपैकी सामा, ज्याला आज सामोस म्हणतात, त्या बेटाच्या बंदरात आपण घटकाभर उतरू या. ग्रीस देशातले ते एक दूरचे बेट, त्याच्याशी मावळातल्या शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या डोंगरातील दगडावरच कोरलेला आहे.

वेहेरगावच्या वर कार्ल्याची लेणी आपल्यापैकी सर्वांनी पाहिली आहेत. ज्या डोंगरात ती आहेत त्याला शिलालेखांत वलूरक असे नाव आहे. तेथील मोठे चैत्यगृह पौलाच्या काळाच्या आगेमागेच खोदले गेले. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा एक शेठ भूतपाल तेथे आहे. सोपाऱ्याहून आलेला भिक्षू आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. सामी नावाचा सुतारही आहे. आणि त्यांच्याच ओळीने धेनुकाकट येथील कित्येक यवन आहेत. यवन हा शब्द मूळचा आयोनिया या नावावरून आलेला. आशियाच्या पश्चिम किनाऱ्याचा तो ग्रीक प्रदेश, आणि खिया व सामा ही बेटे त्याच प्रदेशात मोडत. पुढे पश्चिमेकडून आलेल्या सर्वांनाच आपले लोक यवन म्हणू लागले; म्हणून कार्ल्याचा प्रत्येक यवन हा सामाचाच रहिवासी होता असे कोणी समजू नये. परंतु पावसाळी वाऱ्यावर तांबड्या समुद्राकडून गलबते येत, सोपारा, कल्याण व चौल या बंदरांत माल उतरे, आणि घाट चढून तो मावळात येई, हे खरे. ज्या किनाऱ्याने पौलाचे तारू चालले होते त्याचे नाव लावणारी माणसे त्याच सुमारास आपल्या घाटात येत होती, आणि दुसऱ्यांच्या उपासनेच्या घराला एकेक खांब देऊन जात होती.

आता सामाचे नगर पाहू. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर ते आहे. त्या बाजूला समुद्राची पट्टी इतकी अरुंद आहे की पलीकडचे तुर्कस्तानचे डोंगर अगदी समोर उभे दिसतात. अलीकडच्या काळात या गावाला तिगानी म्हणत, म्हणजे तळणीची कढई. १९५५ साली ते नाव बदलून पुथागोरियो असे ठेविले. शाळेत काटकोन त्रिकोण शिकताना ज्या पायथागोरसाचे नाव मुले घोकतात, तो याच गावचा. गाव लहान आहे, पण त्याच्या पायाखाली मोठे नगर आहे. बंदराचा आजचा धक्का प्राचीन धक्क्याच्या भरावावरच उभा आहे. जवळच हेरा देवीच्या अवाढव्य मंदिराचे अवशेष आहेत. त्यातला एकच खांब अद्याप उभा आहे. १९९२ साली या सर्वांची जागतिक वारशात गणना झाली, आणि उन्हाळ्यात प्रवाशांचे थवेच्या थवे तेथे येतात. प्रवाशांचे थवे म्हणजे काय, हे लोणावळ्याच्या लोकांना सांगावयास नको.

तथापि त्या गावाचे खरे आश्चर्य समुद्रावर नाही. ते मागच्या डोंगराच्या पोटात आहे.

नगर समुद्रकाठी, पण गोड पाण्याचा झरा डोंगरापलीकडे. पाणी उघड्या पाटाने आणावे तर शत्रू पाट फोडील. म्हणून इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात एउपालिनोस नावाच्या स्थपतीने डोंगरातून आरपार बोगदा खणविला. त्याची लांबी १०३६ मीटर, म्हणजे किलोमीटरहून थोडी अधिक, आणि उंची माणूस कसाबसा उभा राहील इतकी. सुरुंगाची दारू नव्हती, लोहचुंबकाचे होकायंत्र नव्हते. छिन्नी, हातोडा आणि तेलाचा दिवा एवढ्यावर काम चालले. आणि ते एका बाजूने चालले नाही. डोंगराच्या दोन्ही अंगांनी दोन टोळ्या एकाच वेळी आत शिरल्या. वर्षानुवर्षे त्या एकमेकींकडे खणीत होत्या आणि एकमेकींना पाहात नव्हत्या. मध्यावर येता येता बोगदा सरळ न जाता वळतो. दोन रेषा शेजारून निसटून जाऊ नयेत, कोठेतरी त्या एकमेकींना छेदाव्यातच, म्हणून ही वळणे हेतुपुरस्सर घेतली, असे जाणते लोक सांगतात. टोळ्या भेटल्या. मग एका कडेने खोल चर खणून त्यात मातीच्या हजारो नळ्या बसविल्या, आणि पुढे सुमारे हजार वर्षे त्या नगराने ते पाणी प्यायले. पौलाचे तारू त्या बंदरात लागले तेव्हा त्या नळ्यांतून पाणी येतच होते. लूकाने त्याविषयी एक अक्षर लिहिले नाही. खलाशांनी मात्र आपले बुधले भरून घेतले असतील, असे आम्हांस वाटते.

हेरोडोटस या इतिहासकाराने हे काम ग्रीकांच्या थोर कामांत गणिले आणि एउपालिनोसाचे नाव त्याच्या बापाच्या नावासह लिहून ठेविले. पण ज्यांनी खणिले त्यांतील एकाचेही नाव नाही. त्या काळाच्या सुमारास पोलिक्रातेस नावाचा हुकूमशहा सामावर राज्य करीत होता. त्याची बांधकामे ही प्रजेला गरीब आणि कामात गुंतवून ठेवण्याची युक्ती होती, असा शेरा ॲरिस्टॉटलाने मारला आहे. तत्त्वज्ञान्याचा हा शेरा कडू आहे, पण तो उगाच मारलेला नाही.

बोगदा म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ साली सुरू होऊन १८६३ च्या एप्रिलात खुला झाला. सुमारे १६ मैलांत १८३१ फुटांचा चढ आणि २५ बोगदे. १८६१ साली त्या कामावर ४२ हजारांहून अधिक माणसे होती. कड्यावर दोराने लोंबकळून त्यांनी सुरुंगासाठी भोके पाडली. पटकीने व तापाने त्यांतील हजारो मेली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली घाट खुला होण्यापूर्वीच १८६२ साली वारला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत आजाराने गेला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ठेका पुढे चालविला. यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, आणि ती ठाऊक असावीत हे योग्यच आहे. बाकीच्यांची नावे कोणी लिहिलीच नाहीत. या बाबतीत कार्ल्याचे शिलालेख बरे म्हणावयाचे. तेथे शेठाच्या जोडीला सुतारालाही जागा मिळाली.

आता दुसऱ्या शास्त्रपाठाकडे वळू. दावीद अदुल्लामाच्या गुहेत आहे. कापणीचे दिवस आहेत, म्हणजे उन्हाचे. त्याच्या गावच्या, बेथलेहेमाच्या, वेशीजवळची विहीर पलिष्ट्यांच्या ताब्यात आहे. त्याला तिची आठवण होते आणि कोणी मला तिचे पाणी पाजील काय, असे त्याच्या तोंडून निघून जाते. तो आज्ञा करीत नाही. नुसता सुस्कारा टाकतो. पण मोठ्या माणसाचा सुस्कारा हा हाताखालच्या माणसाला हुकूमच असतो. तिघे वीर उठतात, शत्रूची फळी फोडून जातात, पाणी शेंदतात आणि जिवंत परत येतात. दावीद ते पाणी पीत नाही. जिवावर उदार होऊन जे गेले त्यांच्या रक्तासारखेच हे आहे, असे म्हणून तो ते परमेश्वरापुढे ओततो.

वैशाखात दोन मैलांवरून हंडा आणणाऱ्या आमच्या बहिणी हे ऐकून दावीदावर रागावतील, आणि तसे आम्ही रागावलेले पाहिलेही आहे. आणलेले पाणी ओतून द्यावे काय? त्या तिघांना तरी पाजावयाचे होते! ही शंका खरी आहे. परंतु दावीदाने त्या क्षणी जे पाहिले ते पाहा. त्याच्या हातात पाणी होते, आणि त्या पाण्यात त्याला माणसे दिसली. आपली सहज बोललेली इच्छा कोणाच्या जिवावर बेतली हे त्याला कळले. तिघे जिवंत परतले होते, तरीही ते पाणी त्याच्या घशाखाली उतरेना.

आपल्या मावळाला देवाने पाऊस दिला आहे, आणि म्हणून आपले पाणी दुसऱ्यांच्या उपयोगी पडत आले आहे. वळवण, लोणावळा व शिरवता या तळ्यांचे पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीस सोडले गेले आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पवना धरण १९७२ साली पुरे झाले. त्याचे पाणी खाली पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जाते. ज्यांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे कित्येक दशके चालले. पुढे ते पाणी बंद नळाने शहरास नेण्याचा बेत झाला. नदीकाठच्या शेतीचे काय होणार या चिंतेने शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर जमले. तेथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले, एक स्त्री आणि दोन पुरुष. त्यानंतर ते काम थांबविण्यात आले.

बंद नळ असावा की नसावा हा निवाडा व्यासपीठावरून करावयाचा नाही. शहरातल्या लेकरांनाही तहान आहे, आणि तेथे आपलीच भावंडे कारखान्यांत कामाला आहेत. पण जो शहरात तोटी फिरवितो त्याने, आणि शनिवार-रविवारी लोणावळ्यास येऊन भुशीच्या पाण्यात खेळून जातो त्याने, हे पाणी कोठून आले आणि त्यासाठी कोणी काय सोसले हे जाणावे, एवढे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. दावीद गावी बसून विहिरीचे पाणी पीत होता तोवर त्याने तरी असा विचार कोठे केला होता?

तथापि बंधुजनहो, हक्काची गोष्ट बोलून झाली म्हणजे उपदेश संपला असे नाही. सामाच्या त्याच बेटावर २०१५ पासून सिरिया, अफगाणिस्तान इत्यादी देशांतून पळालेली माणसे, लेकरांसह, रबराच्या होड्यांतून येऊ लागली. आरंभी बेटावरच्या लोकांनी भाकरी व पांघरुणे पुढे केली. पुढे गर्दी वाढली. ६४८ जणांसाठी केलेल्या छावणीत २०२० च्या आरंभी सात हजारांहून अधिक लोक होते, आणि पाण्याच्या नळापुढे लांबच लांब रांगा लागत. यजमानही थकले, कंटाळले, रस्त्यावर उतरले. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या नळाकडेही एकदा पाहावे.

आमच्याच एका मंडळीत, गावाचे नाव आम्ही सांगत नाही, गेल्या उन्हाळ्यात असा प्रश्न उभा राहिला. नळाला दिवसातून दोन तास पाणी. शेजारी वीटभट्टी, आणि तिच्यावर दूरच्या जिल्ह्यातून आलेली बारा कुटुंबे. गावाचे हंडे भरल्याखेरीज त्यांनी नळाला हात लावू नये असे ठरले; आणि दोन तास संपेपर्यंत गावाचे हंडे काही सरेनात. हे ठरविणाऱ्यांत आपली माणसे होती. शहर आपले पाणी नेते असे म्हणणारीही तीच होती. गार पाण्याच्या एका प्याल्याविषयी प्रभूने जे सांगितले ते मत्तयाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी आहे, आणि ते त्या प्रत्येकाला तोंडपाठ होते.

भाजे येथील लेण्यांत पाण्याची एक टाकी आहे. विण्हुदत्त नावाच्या महारठीने ती दान दिली, असा लेख तेथे कोरलेला आहे. ज्यांना कधी पाहिले नव्हते अशा वाटसरूंनीही ती दोन हजार वर्षांत वापरली असेल. त्या मंडळीच्या पंचांना घेऊन आम्ही एके दिवशी भाजे येथे गेलो, आणि टाकीच्या काठी बसून दावीदाची ही गोष्ट वाचली. कोणी फारसे बोलले नाही. उतरताना एका वडीलबाईंनी एवढेच विचारले की, भट्टीवरच्या बाया रात्री पाणी कोठून आणतात? ते कोणालाच ठाऊक नव्हते. येत्या मंगळवारच्या प्रार्थनासभेत नळाची गोष्ट पुन्हा निघावयाची आहे, आणि त्या बायांपैकी दोघींना तेथे बोलावले आहे.