पंढरपूरचे महाद्वार : श्रद्धा, कायदा आणि सत्ता

धार्मिक श्रद्धेच्या क्षेत्रात राजसत्तेने कुठवर पाऊल टाकावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा तत्त्वाच्या पातळीवर होते. महाराष्ट्रात मात्र त्याची कसोटी मंदिरांच्या दारांत लागली आहे आणि पंढरपूर हे तिचे सर्वांत बोलके स्थान आहे. भक्तीचा अधिकार जन्मावर अवलंबून नाही, असे वारकरी संतांनी पुन्हा पुन्हा सांगितले. तरीही महार जातीत जन्मलेल्या चोखामेळ्याला चौदाव्या शतकात विठ्ठलाच्या मंदिराबाहेरच राहावे लागले आणि मंगळवेढ्यास भिंत कोसळून त्याचा मृत्यू झाल्यावर त्याची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर बांधली गेली. परंपरेने त्याला संतपद दिले, त्याचे अभंग कीर्तनात आळवले, पण त्याच्या जातिबांधवांना पुढील सहा शतके त्या समाधीपलीकडे पाऊल टाकू दिले नाही. श्रद्धेची शिकवण आणि श्रद्धास्थानाची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका समाधीच्या जागेवरून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही ग्रंथातून होणार नाही.

ही व्यवस्था बदलण्याचे दोन मार्ग विसाव्या शतकात पुढे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सुरू झालेल्या सत्याग्रहात मुख्य मागणी देवदर्शनाची नव्हती, माणूस म्हणून समान हक्काची होती. ती वर्षानुवर्षे नाकारली गेली, तेव्हा 1935 मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली आणि 1956 मध्ये नागपुरात बौद्ध धम्माचा स्वीकार झाला. दुसरा मार्ग साने गुरुजींचा. त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले आणि मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करून सवर्ण श्रद्धाळूंच्या विवेकालाच हाक दिली. विठ्ठलाचे दार उघडण्याचे मान्य झाले आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही संमत झाला. पहिल्या मार्गाने धर्मसंस्थेला तिच्या अन्यायाची किंमत दाखवून दिली, तर दुसऱ्याने सुधारणेची शक्ती श्रद्धेच्या आतही असते हे सिद्ध केले. परंतु पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी हमी अखेर कायद्यानेच दिली.

भारतीय राज्यघटनेने ही हमी देशव्यापी केली. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद 25 ने प्रत्येक व्यक्तीला धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले, मात्र सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याकडे ठेवला. आणि अनुच्छेद 26 ने धर्मपंथांना आपल्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन स्वतः करण्याची मुभा दिली. भारतीय धर्मनिरपेक्षता म्हणजे धर्मापासून राज्याने संपूर्णपणे दूर राहणे नव्हे, तर उपासनेला हात न लावता उपासकांमधील विषमता दूर करणे, असा या तिन्ही अनुच्छेदांचा एकत्रित आशय आहे.

पंढरपुरात या आशयाचा पुढचा टप्पा व्यवस्थापनाच्या प्रश्नातून आला. विठ्ठल मंदिरातील बडवे व अन्य सेवाधारी आणि रुक्मिणी मंदिरातील उत्पात या घराण्यांकडे पूजेचे व उत्पन्नाचे हक्क वंशपरंपरेने चालत आले होते. 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने ते हक्क रद्द करून कारभार समितीकडे सोपवला; त्यावरचा न्यायालयीन वाद चार दशके चालला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या उमेदवारांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले. ज्याच्या पूर्वजांना महाद्वारातून आत येता येत नव्हते, त्याला गाभाऱ्यात सेवेसाठी अर्ज करता यावा, हे राज्याच्या हस्तक्षेपाचे सर्वांत उजळ रूप होय.

याच मंदिरात सत्तेचे दुसरे रूपही दिसते. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते आणि त्या वेळी पदस्पर्शदर्शनाची, म्हणजे विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी लागलेली, रांग थांबते. रांगेतील एका दाम्पत्याला मानाचे वारकरी म्हणून पूजेत सहभागी करून घेतले जाते आणि ही प्रथा निश्चितच आदराची आहे. परंतु पंधरा-वीस दिवस पायी चालून आलेल्या हजारोंना त्या काळात तिष्ठत राहावे लागते, हेही तितकेच खरे आहे. 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पंढरपूरला न जाता घरीच पूजा केली, तेव्हा ही महापूजा किती मोठे राजकीय व्यासपीठ झाली आहे, ते दिसून आले.

शासनाने मंदिरांच्या कारभारात लक्षच घालू नये, असा आक्षेप घेतला जातो आणि सरकारी समित्यांच्या हिशेबाबाबत तो गांभीर्याने घ्यायला हवा. तथापि 2016 मध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा आणि मुंबईतील हाजी अली दर्ग्याचा मजारीपर्यंतचा भाग स्त्रियांना खुला झाला तो मुंबई उच्च न्यायालयाने घटनेचा व कायद्याचा आधार घेतल्यामुळे. केवळ विश्वस्तांच्या सदिच्छेवर ते अवलंबून राहिले असते, तर त्या स्त्रिया आणखी किती काळ बाहेर राहिल्या असत्या, याचे उत्तर कोणत्याही श्रद्धाळूने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे.

म्हणून धर्म आणि राजकारण यांच्या संबंधाची एकच कसोटी पुरेशी ठरते : सत्तेच्या येण्याने रांगेतील शेवटच्या माणसाला आत जाणे सोपे झाले की अवघड? दार उघडणारा कायदा आणि देणगीचा हिशेब मागणारी समिती या कसोटीला उतरतात. पूजेचा पहिला मान मागणारी सत्ता उतरत नाही. राज्यकर्त्यांनी विठ्ठलाच्या दर्शनास अवश्य जावे, मात्र इतर भक्तांप्रमाणे रांगेतून जावे, आणि हा आग्रह वारकऱ्यांनीच धरला पाहिजे.