उद्याचा पिंपळ

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. खालापूर तालुक्यातील एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन झाले. मंडळी पाया पडून जात होती. एक वृद्ध माउली थांबल्या आणि म्हणाल्या, “महाराज, देवळाच्या शिखरात पिंपळाचे रोप आले आहे. उपटले तर पाप लागेल का?”

रोप वीतभर होते. मी म्हणालो, “गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, सर्व वृक्षांत मी अश्वत्थ. त्याच्या मनात असेल तसे होईल.” सर्वांचे समाधान झाले. माझेही झाले.

दहा पावसाळ्यांनी पुन्हा तिथे गेलो. शिखराच्या भेगेत हात जात होता आणि गाभाऱ्यात पाणी ठिबकत होते. शेवटी करवत आणली. वरून कापले तरी मुळे चुन्यात राहिली, पालवी फुटतच राहिली. अखेर शिखराचा तो भाग उतरवावा लागला. झाडही गेले, शिखरही गेले.

तेव्हापासून विचार करतो आहे, पाप कशात होते? रोप हलवण्यात, की न हलवण्यात? मला वाटते, आम्ही भीतीला भूतदया म्हटले. भीती विचारते, मला काय होईल? दया विचारते, याला काय हवे? त्या रोपाला माती हवी होती, आम्ही त्याला दगड दिला आणि वर हात जोडले.

ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात माउलींनी अश्वत्थ शब्द उलगडला आहे. श्व म्हणजे उद्या; उद्यापर्यंत जो तसाच राहत नाही, तो अश्वत्थ. हे निरूपण मी कितीदा केले असेल! पण खरे रोप समोर आले तेव्हा माझ्या उत्तराचा अर्थ एवढाच होता, की उद्या पाहू.

वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदुरकी, अंजीर हे सारे एकाच कुळातले. यांची फुले फळाच्या आत दडलेली असतात, म्हणून दुर्मीळ भेटीला आपण उंबराचे फूल म्हणतो. फळे पाखरे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीत जाते. आळंदीच्या सुवर्णपिंपळापुढे आपण नतमस्तक होतो, देहूला बीजेच्या दिवशी नांदुरकीकडे डोळे लावून बसतो. कर्जतच्या नव्या इमारतींत फायकस म्हणून जाड मुळांचे जे बुटके झाड दिवाणखान्यात दिसते, ते बहुधा नांदुरकीच्याच जातीचे असते. देहूला तिच्यासाठी गर्दी करायची आणि घरी तीच अंधाऱ्या कोपऱ्यात सुकू द्यायची, हे कसे जमते?

घरात झाड ठेवायचे तर त्याचा धर्म पाळावा. खिडकीजवळ भरपूर उजेड द्यावा. बोट घालून पाहावे, वरची माती सुकली असेल तरच पाणी घालावे. बशीत पाणी साचू देऊ नये. पाने ओल्या फडक्याने पुसावीत. सारखी जागा बदलू नये, पाने गळतात. छाटताना चीक अंगाला लागू देऊ नये. रबर, नांदुरकी घरात रमतात. वड-पिंपळाला मात्र कुंडी म्हणजे धर्मशाळा. मुक्काम करून त्यांनी पुढे निघायचे.

मागच्या श्रावणात शेजारच्या भिंतीत पिंपळ दिसला. भिंत भिजवून, सांधा मोकळा करून, जमेल तेवढ्या मुळांसह तो काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणला आणि कुंडीत लावला. यंदा मृगाचा पाऊस पडल्यावर जागेच्या मालकाला विचारून, घर, विहीर आणि देऊळ यांपासून लांब, उल्हास नदीकडच्या माळावर नेऊन लावला. त्याची सावली मला मिळणार नाही. नातीला सांगितले आहे, दोन उन्हाळे पाणी घालायचे. ती म्हणाली, “उद्यापासून घालते, आजोबा.” मी तिच्या हातात कळशी दिली.

राम कृष्ण हरी.