शरीराची निगा व घरचें कर्तव्य

नोकरी व संसार यांच्या ओढाताणींत शरीराची निगा राखणें म्हणजे मुलाबाळांचा वेळ हिरावून घेणें होय, असें आम्हीही समजत होतों. पुढें थोडा चढ चढतांच धाप लागूं लागली, व थकून घरीं आल्यावर आम्ही लेकरांवरच खेंकसूं लागलों. मग आम्हीं कोणाचा वेळ वांचविला?

प्रौढांनीं आठवड्यास निदान 150 मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं सांगितलें. म्हणजे दिवसास सुमारें 22 मिनिटें. त्यासाठीं आखाडा नको. पाण्याच्या घागरी आपण आणाव्या, मुलास शाळेपर्यंत झपझप चालत पोंचवावें. मात्र पहाटेपासून राबणाऱ्या माउलीस अधिक श्रम नव्हे, विसांवा द्यावा. वाचकहो, आपलें शरीर ही आपल्यापाशीं घरच्यांची ठेव आहे.